नाताळचे झाड सणानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या समारंभात काही जणींनी घरच्या उपयोगाचा एकेक विषय मांडावा, असे आपल्या मंडळाने ठरविले. माझा विषय ऐकून तुम्हांला जरा नवल वाटेल. सण कसा साजरा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण सण संपल्यावर जे उरते त्याचे काय करावे, हे सांगणारे फारच थोडे. मी नाताळच्या झाडाविषयी बोलणार आहे. त्यातही झाड कसे सजवावे हे नव्हे, तर सजावट उतरल्यावर ते झाड कुठे जाते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ज्या भगिनींच्या घरी नाताळ नसतो त्यांनी हा विषय आपला नाही असे मानू नये. वसईत आपण शेजारी शेजारी राहतो, एकाच विहिरीच्या झऱ्यांचे पाणी पितो. आमच्या झाडाची जी गत, तीच तुमच्या निर्माल्याची आणि मखराची. तेव्हा पुढे मी तिकडेही वळणार आहे.

आमच्यात सहा जानेवारी हा तीन राजांचा दिवस. पुष्कळ घरांत तोपर्यंत झाड व गोठा ठेवतात आणि मग उतरवतात. त्यानंतरचे आठ दिवस जरा रस्त्याने लक्ष ठेवून चालावे. वळणावर सुकलेल्या फांद्या पडलेल्या असतात, त्यांना चंदेरी झालरी तशाच लोंबत असतात. काही फांद्या ओहळात जातात, काही बावखलात. कोणी त्या झालरींसकट पेटवून देतो आणि तो काळा उग्र धूर शेजारच्यांच्या घरात शिरतो. पंधरा दिवस ज्या झाडापुढे आपण गाणी म्हटली, पोरांना उभे करून फोटो काढले, त्याची ही अवस्था बरी दिसत नाही. पण प्रश्न केवळ दिसण्याचा नाही.

खरे पाहता सणाचे हिरवे परत कुठे जावे, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. येशूच्या जन्माचा गोठा उभारण्याची चाल संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली पाडली असे सांगतात. आपल्याकडे या गोठ्यात भाताचा पेंढा घालतात. सण झाला की तो पेंढा गाईपुढे टाकला की झाले. त्यात फेकण्यासारखे काही उरतच नाही. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वर्षभर घरात जपतात. पुढे त्याच जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. म्हणजे पवित्र वस्तूचा शेवटही मानाने व्हावा, ही शिकवण धर्मातच आहे. हिंदू भगिनींकडे निर्माल्य पायदळी तुडवले जाऊ नये म्हणून काळजी घेतात. त्यामागची भावना तीच.

झाडाची चाल मात्र आपल्याकडे त्या मानाने नवी. ती मूळची जर्मनीकडची. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घरचे सजवलेले झाड १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि तेथून ती हौस इंग्रजांच्या घरोघरी पोचली. तिकडे थंडीत सारी झाडे उघडी पडतात. एवढी सूचिपर्णी झाडे तेवढी हिरवी राहतात. म्हणून त्यांचे त्यांना कौतुक. तशी झाडे आपल्या किनाऱ्यावर कुठून येणार? तेव्हा आपण आपल्या सोयीने निरनिराळी झाडे घेतली, आणि ज्या जातीचे झाड, त्या जातीची त्याची पुढची व्यवस्था.

पहिली सुरूची फांदी. गोव्यात काय किंवा आपल्या किनाऱ्यावर काय, नाताळला सुरू आणण्याची रीत आहे, कारण त्याचा पाला सुयांसारखा दिसतो. दुसरे कुंडीतले झाड. रोपवाटिकेत त्याला नाताळचे झाडच म्हणतात. त्याचे खरे नाव आरोकेरिया आणि त्याचे माहेर प्रशांत महासागरातल्या बेटांवर. तिसरे प्लॅस्टिकचे, घडी घालून पेटीत ठेवता येणारे. या तिन्हींचा विचार आपण करू.

पण त्याआधी मला एक मुख्य गोष्ट सांगू द्या. सण संपल्यावर झाडाचे काय होणार, हे सण संपल्यावर ठरत नाही. ते आपण झाड सजवतो त्याच दिवशी ठरते.

जर्मनीतल्या बर्लिन शहराच्या प्राणिसंग्रहालयात जानेवारीत हत्तींना नाताळची झाडे खायला घालतात. हत्ती मोठ्या आवडीने ती खातात. पण ही झाडे दुकानदारांकडची, न विकली गेलेली असतात. लोकांच्या घरची झाडे ते घेत नाहीत. का? तर घरच्या झाडात सजावटीचा एखादा तुकडा, एखादी तार राहून गेलेली असेल, किंवा त्यावर काही औषध मारलेले असेल, आणि ते हत्तीच्या पोटात जाईल, ही भीती. पाहा बरे! झाड तेच, हिरवेपण तेच. पण एकाला हत्तीच्या तोंडी जाण्याचा मान आणि दुसरे तेथे नको, एवढा फरक कशामुळे पडला? त्याला काय बांधले, एवढ्यामुळेच.

न्यूयॉर्क शहरातही जानेवारीत घरोघरची झाडे गोळा करून त्यांचा भुगा करतात आणि तो बागांत व रस्त्यावरच्या झाडांच्या मुळाशी पसरतात. तेथेही अट हीच की दिवे, झालरी, गोळे आणि खालची बैठक काढून मगच झाड बाहेर ठेवावे, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये.

म्हणून सजवताना हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल आपण एकच विचारावे: ही मातीत जाईल का? आणि जाणार नसेल, तर ती सगळीच्या सगळी काढून पुढच्या वर्षाला ठेवता येईल का? दोहोंपैकी एकाचे उत्तर होय असले की ती वस्तू खुशाल लावावी. दोन्हींची उत्तरे नाही आली, तर ती दुकानातच राहू द्यावी.

काचेचे गोळे, लाकडी खेळणी, दिव्यांची माळ ही मातीत जाणारी नव्हेत. पण नीट काढून कापसात गुंडाळून ठेवली तर वर्षानुवर्षे चालतात. कागदाच्या चांदण्या, सुतळी, शिंपले, करवंटीचे कोरलेले तुकडे, सुरूची स्वतःची लहान लहान फळे यांची सजावट सुरेखच दिसते आणि तिचा त्रास कोणाला नाही. बर्फ दाखवायचा तर पूर्वीसारखा साधा कापूस पसरावा. चमकीची पूड, फवाऱ्याचा पांढरा रंग आणि थर्मोकोलचे मणी मात्र अजिबात नकोत. ती एकदा पाल्याला चिकटली की कितीही शहाणी बाई बसली तरी तिला ती निवडून काढता यायची नाहीत. चंदेरी झालरही प्लॅस्टिकचीच असते. तिचे धागे तुटून पाल्यात अडकतात. ती जाळली तर विषारी वायू निघतात. गाईने खाल्ली तर तिच्या पोटात गोळा होऊन बसते. थर्मोकोल तर कुजतच नाही. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या सजावटीवर बंदीचा हुकूम काढला, तो काही उगीच नव्हे.

आता एकेका झाडाचे सांगते.

सुरूची फांदी असेल तर प्रथम ती पूर्ण मोकळी करावी. तारा, टाचण्या, दोरे हाताने चाचपून काढावेत. कचरा उचलणारी बाई तोच पाला हाताने उचलते, तिच्या बोटात आपली टाचणी जाता कामा नये. मग कोयत्याने तीन भाग करावेत. जाड लाकूड चुलीला घालावे. सुरूचे लाकूड जळणाला फार उत्तम, त्याची आच चांगली लागते. बोटाएवढ्या काठ्या परसातल्या दोडक्या-पडवळाच्या किंवा शेंगांच्या वेलाला आधार म्हणून रोवाव्यात. राहिला सुयांसारखा पाला. तो लवकर कुजत नाही, आणि त्याचा जाड थर दिला तर त्याखाली दुसरे काही नीट उगवत नाही. सुरूच्या बनात जमीन कशी मोकळी दिसते, ते सर्वांनी पाहिलेच आहे. म्हणून तो नारळाच्या आळ्यात पातळ पसरावा; उन्हाळ्यात ओल टिकून राहते. नाही तर बारीक करून, ओल्या पाल्याबरोबर मिसळून, खताच्या खड्ड्यात घालावा.

कुंडीतले झाड म्हणजे जिवंत पाहुणा. त्याला टाकायचे नाही, सांभाळायचे. दोन आठवडे घरात ठेवले तर चालते, पण ते उजेडाजवळ असावे आणि त्याची माती सुकू देऊ नये. त्याच्या फांद्या नाजूक असतात. जड गोळे टांगले तर वाकून जातात. सण झाल्यावर ते एकदम कडक उन्हात नेऊ नये, आधी पडवीत ठेवून हळूहळू सवय करावी. शेंडा कधीही छाटू नये, कारण शेंडा गेला की झाडाचा तो डौल पुन्हा येत नाही. अशी निगा ठेवली तर तेच झाड कितीतरी नाताळ आपल्या घरात येते-जाते. फार वाढले म्हणून जमिनीत लावायचे झाल्यास घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावावे. त्याच्या माहेरी ते माडापेक्षाही उंच जाते, हे ध्यानात असावे.

प्लॅस्टिकचे झाड ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते खुशाल वापरावे. ते टाकून देऊन आता नवे खरे झाड आणण्यात काही शहाणपणा नाही. मात्र ते मातीत कधीच जाणार नाही, तेव्हा जितकी अधिक वर्षे ते चालेल तितके बरे. नको झाले तर कोणा गरजू घरी किंवा बालवाडीला द्यावे. दर दोन वर्षांनी नवे घेण्याची हौस तेवढी आवरावी.

आता खताच्या खड्ड्याचे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा पुरेसा होतो. तळाशी जाड काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर सुका पाला, मग ओला, म्हणजे फुले, भाजीची देठे, केळीच्या सोपटाचे तुकडे. आणि त्यावर शेणकाला किंवा मूठ-मूठ माती. असेच थर द्यावेत. ओल किती? हातात मूठभर घेऊन दाबले तर पिळलेल्या फडक्यासारखे लागावे. पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी एकदा खालीवर करावे. जितके बारीक तुकडे तितके लवकर खत. साधारण दोन-तीन महिन्यांत ते काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास येतो. आंबूस वास आला तर समजावे की ओल जास्त झाली; सुका पाला घालून हलवावे. ज्या भगिनी इमारतीत राहतात त्यांनी जुन्या पिंपाला भोके पाडून हेच करावे.

आता हिंदू भगिनींना माझे थोडे सांगणे आहे. गणपतीची एकवीस पत्री, दुर्वा, हार, गौरीपुढची पाने, केळीचे खुंट, दसऱ्याचे तोरण हे सारे मातीतूनच आलेले. ते पाण्यात सोडतात, कारण ते कोणाच्या पायाखाली येऊ नये. पण पूर्वी ते वाहत्या पाण्यात सोडत, थोडे सोडत आणि त्यात फुलापानांशिवाय काही नसे. आज आपले ओहळ वाहतात कुठे? बावखल म्हणजे तर साचलेले गोड पाणी. त्यात फुले कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन मरतात आणि पाण्याला वास सुटतो. त्यात हाराचा नायलॉनचा दोरा आणि प्लॅस्टिकची पिशवी पडली की ती तळाशी गाळात जाऊन बसते.

बावखल ही वसईची मोठी ठेव आहे. आपल्या वाड्या, केळी, पानवेली, फुलशेती या पाण्यावर वाढल्या. पावसाचे पाणी त्यात साठते आणि हळूहळू मुरून आजूबाजूच्या विहिरींना मिळते. आपण समुद्राच्या कुशीत राहतो. गोडे पाणी मुरायचे थांबले की विहिरीत खारे पाणी चढायला वेळ लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण आपल्याला ते हरित वसईसाठी लोकांना बरोबर घेऊन झगडले म्हणून अधिक जवळचे. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांनी ज्या हिरव्या वसईसाठी आवाज उठवला तिची बावखले आपण सणाच्या उरलेल्या वस्तूंनी बुजवावीत, हे आपल्यापैकी कोणालाच रुचणार नाही.

कोणी म्हणेल, निर्माल्य खड्ड्यात पुरणे म्हणजे अपमान नाही का? मला तसे वाटत नाही. तुळशीच्या किंवा माडाच्या मुळाशी गेलेले फूल पायदळी येत नाही. ते पुन्हा फुलात येते. उलट नाल्याच्या जाळीला अडकलेला हार पाहवत नाही.

आता शेवटचा मुद्दा सुरूच्या बनाचा. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात लिदम सेंट ॲन्स म्हणून समुद्रकाठचे गाव आहे. तेथले लोक नाताळची टाकून दिलेली झाडे किनाऱ्याच्या वाळूत अर्धी पुरून त्यांच्या रांगा लावतात. वारा वाळू घेऊन येतो, ती झाडांच्या फांद्यांत अडते, साचते आणि वाळूच्या टेकड्या वाढतात. त्या टेकड्या पुढे समुद्राला अडवून धरतात. म्हणजे तिकडे मेलेले झाडसुद्धा किनारा राखण्याच्या कामी लावतात. आणि आपण? आपल्या सुरुची बागेत, इतर किनाऱ्यांवर जी सुरूची झाडे वारा आणि वाळू अडवीत जिवंत उभी आहेत, त्यांच्याच फांद्या पंधरा दिवसांच्या शोभेसाठी तोडून आणायच्या का? २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात आपल्याकडे किती झाडे पडली ते आठवा. जी उभी आहेत ती आपल्या घरांच्या पुढे उभी आहेत. तेव्हा उभ्या सुरूला हात लावू नये. वाऱ्याने पडलेली फांदी मिळाली तर घ्यावी, किंवा वाडीत आंब्या-पेरूची छाटणी होते तेव्हाची एखादी डौलदार डहाळी कुंडीत रोवून सजवावी. कुंडीतले कोणतेही हिरवे झाड, अगदी आंब्याचे रोपसुद्धा, चार चांदण्या बांधल्या की नाताळचे झाड होते. येशू जन्मला त्या गोठ्यात सूचिपर्णी झाड होते असे कोणी कुठे लिहिलेले नाही!

भगिनींनो, हे एकटीने करण्यापेक्षा मिळून केले तर सोपे जाते. म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, सहा जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी आपापल्या फांद्या, सजावट पूर्ण उतरवून, एका ठिकाणी आणाव्यात. ज्या भगिनीची वाडी सोयीची असेल तिथे दोन मोठे खड्डे आधीच खणून ठेवावेत. कोयता चालवायला घरची पुरुषमंडळी येतीलच. चहा तेवढा आपण करू. दुसरी, हेच खड्डे गणपती, नवरात्र आणि दसऱ्यालाही उघडे असावेत. निर्माल्य आणताना दोरा, तार, पिशवी काढूनच आणावे. पावसात खड्ड्यावर झावळ्यांचे छप्पर घालावे. तिसरी, त्यातून निघालेले खत सर्व घरांना वाटावे. ते कोणत्या सणाचे हे कोणी विचारू नये. नाताळच्या पाल्यावर झेंडू फुलेल आणि गणपतीच्या दुर्वांवर कुंडीतले आरोकेरिया वाढेल, त्याला कोणाची हरकत असणार?

यात खर्च जवळजवळ नाही. लागते ती थोडी सवय. आणि ती सवय लावणे बायकांच्याच हाती आहे, कारण घरात सजावटीची पेटी आपण उघडतो आणि आपणच बंद करतो. पुरुष झाड आणतात, मुले ते सजवतात. पण उतरवते कोण? तेव्हा या कामात आपला शब्द चालला पाहिजे. डिसेंबरात मुलांबरोबर बाजारात जाल, तेव्हा ती चंदेरी झालर त्यांच्या हातून अलगद परत ठेवा आणि रंगीत कागदाचे चार ताव घ्या. संध्याकाळी त्यांना चांदण्या कातरायला बसवा. निम्मे काम तिथेच झाले म्हणून समजा.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास सांभाळून घ्यावे. सूचनांवर सभेने आजच विचार करावा अशी विनंती करून माझे चार शब्द संपविते.